जनगणनेत पणजोबा सापडत नसतात

इंग्लंडातल्या मावसभावाने डोक्यात किडा सोडला. त्याच्या शेजाऱ्याने म्हणे 1921 च्या जनगणनेतून आज्याचं घर, धंदा, पोरंबाळं सगळं ऑनलाइन काढलं, तिकडं 100 वर्षं झाली की फॉर्म खुले करतात, मग तूपण आपलं काढ की. काढ की म्हणायला काय जातंय! आपल्याकडं 1948 चा जनगणना कायदाच सांगतो की घरोघरी भरलेली माहिती कुणाला बघायला द्यायची नाही. आपल्या वाट्याला नुसते आकडे, गावात डोकी किती, घरं किती.

नावं पाहिजेत तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जायचं आणि कोतवाल बुक मागायचं. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा ते त्यात लिहिलेलं असतं, जुनं सगळं मोडी लिपीत. कुणबी नोंदींसाठी 2023 ला शिंदे समिती आली तेव्हापासून या वह्यांना भाव आलाय, आणि मोडी वाचणाऱ्यांना तर विचारूच नका.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं, आता सांगली पण 1949 पर्यंत सातारा जिल्हाच. 1918 ची वही उघडली, उन्हाळ्याच्या पानांवर तुरळक नावं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला एकदम पानंच्या पानं भरलेली, कारणाच्या रकान्यात खालपर्यंत ताप, ताप, ताप. ही मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. त्यातच आमच्या पणजोबांचे दोन भाऊ, एकाच आठवड्यात, मोठा सात वर्षांचा. घरात याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता, आजीला विचारलं तर म्हणाली आमच्या सासूबाई दिवाळीला गोडधोड करायच्या नाहीत, का ते आम्ही कधी विचारलं नाही.

आणि इथं मात्र जनगणना कामाला आली बघा. 1911 ते 1921 मध्ये अख्ख्या देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, तसं दशक नंतर परत आलंच नाही. त्या घटीत आमची दोन पोरं आहेत.

फेरफारमध्ये जमीन कुणाकडून कुणाकडं गेली ते कळतं, त्यामुळं भाऊबंदकीपण कळते (ती न काढलेली बरी). हेळवी म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, त्याच्या चोपडीत वंशावळ मिळते, पण तो जरा सढळ हाताने पराक्रम वाढवतो असं माझं मत. खापरपणजीचं माहेर मात्र अजून कुठंच लागत नाहीये, वहीत ती नुसती अमक्याची बायको. हेळवी सुगीनंतर येतो, तेव्हा गाठणार आहे त्याला.