कुठला हात?

"आई, रात्री उठताना कुठला हात पुढे जातो तुमचा?"

बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायला आलेल्या मिस्त्रींनी ड्रिल बाहेर काढायच्या आधी हे विचारलं. मी टेप घेऊन उंची सांगायला उभी होते. त्यांनी आईला कमोडवर बसवलं, उठायला लावलं आणि तिचा डावा हात भिंतीवर जिथे टेकला तिथे पेन्सिलने खूण केली. तिचा उजवा खांदा उचलत नाही, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

मग टाइल तडकू नये म्हणून ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडायची सोय, बंद ठेवून सावकाश भोक. विटेत शिरल्यावरच हॅमर चालू. "हा टॉवेलचा दांडा नाही ताई, यावर अख्खं माणूस भार टाकणार."

बाहेर मी आईला पुस्तक वाचून दाखवत होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून दुपारचा तो तास आमचा असतो. पान संपेपर्यंत त्यांनी दुसरं भोक पाडलं नाही.

आपल्याकडे घरं बांधताना गुडघे जन्मभर साथ देणार असंच धरून चालतात. दांडा येतो तो बहुतेक वेळा कुणी पडल्यावर, आणि तोही रिकामी भिंत दिसेल तिथे.

तुमच्या घरी दांडा बसवताना, तो ज्यांना धरायचा आहे त्यांना कुणी विचारलं होतं का?