एकच प्रश्न दोनदा

बालशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकासाठी आज बालवर्गात गेले होते. इतकी वर्षे शिकवल्यावर वही घेऊन कोपऱ्यात गप्प बसणे वाटले होते त्याहून अवघड गेले.

मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे मुलाला कळते का, हे पाहणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग करायचा होता. पाच वर्षांच्या मुलीसमोर मी बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि कुठे जास्त बटणे आहेत, ते विचारले. 'दोन्हीकडे सारखीच', असे ती म्हणाली. मग एक ओळ जरा पसरून मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा तिने आधी बटणांकडे नव्हे तर माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि लांब ओळीवर बोट ठेवले. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी १९७०च्या दशकात अशीच ओळ स्वतः न हलवता एका 'खोडकर' टेडी अस्वलाच्या खेळण्याकरवी विस्कटली, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले होते. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मूल धरून चालते, हा त्याचा एक अर्थ. (मी वर्गात दिवसातून किती वेळा 'नक्की?' म्हणते, ते न मोजलेलेच बरे.)

माझ्या टिपणातील 'तिला समजत नाही' हे वाक्य मार्गदर्शक बाईंनी खोडले आणि शेजारी लिहिले, 'तिने काय केले, ते लिहा.'