लेकीचं हेल्मेट

रविवारी मेहरूण तलावाच्या वळणावर खडीवरून लेकीची सायकल घसरली. डोकं वाचलं. हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलला मात्र कानामागे बोटभर चीर गेली. वरून कवच नवंकोरं दिसतंय. आई म्हणाली, "चिकटव ना रे." नाही! तो थर एकदाच चेपतो, धक्का झेलतो आणि संपतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ची हेल्मेटसक्ती मोटारसायकलींना, सायकलला नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १९९० पासून आहे. मी घरात केलीय. नवं घेताना आत ईएन १०७८ ची, म्हणजे सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकाची, खूण पाहिली, भुवईवर दोनच बोटं जागा ठेवून बसवलं, पट्टा न लावता मान हलवायला लावली. हेल्मेट सरकलं नाही, तेव्हाच पैसे दिले. शिवाय भरपूर भोकांचंच घेतलं. जळगावच्या मे महिन्यात नाहीतर ते हँडललाच लटकेल.