रोझमेरीने शिकवलेला वाफसा

इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर रोझमेरीची पहिली दोन रोपं पावसाळ्यातच गेली. दोन्ही वेळा तेच झालं. जुलैची झड लागली, खालची पानं तपकिरी पडली, शेंड्यांनी मान टाकली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून पाऊस उघडला की मी वरून आणखी घालायचे.

दुसरं रोप गेलं तेव्हा निफाडचे मामा आले होते. त्यांची द्राक्षबाग आहे. त्यांनी कुंडी उलटी केली आणि मातीचा गोळा हातावर फोडला. काळ्या मातीचा नुसता चिखल, कुबट वास. मूळ बोटाने ओढलं की साल सुटून हातात यायची आणि आत दोरा उरायचा. "पांढरी मुळी एक तरी दिसते का बघ. अगं, तहानलं नव्हतं ते, गुदमरलं. वाफसाच नाही या मातीला."

वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असणं, हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, पण तो शेताचा. कुंडीलाही लागतो हे कधी सुचलंच नव्हतं. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, म्हणून भिजलेलं झाड तहानलेल्यासारखं दिसतं. मी तिथेच फसले.

रोझमेरी भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ झुडपी रानातली. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणजे आपल्या अगदी उलट. पान उलटून बघा: सुईसारखं, कडा आत वळलेल्या, पाठीवर पांढरट लव. पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. कूळ तुळशीचंच, पण तुळशीसारखं रोज सकाळी तांब्याभर पाणी तिला चालत नाही.

नोव्हेंबरात मैत्रिणीच्या झाडाचे चार-चार इंचांचे बारा शेंडे आणले. खालची निम्मी पानं काढली, टोकांना मामांनी दिलेली, मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर लावली आणि निम्मी जाड वाळू, निम्मं कोकोपीट भरलेल्या कपांत खोचले. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नाही. रोज उपटून बघायचा मोह व्हायचा. सहाव्या आठवड्यात एक काडी हलकेच ओढली, तर तिने धरून ठेवलं! कपाच्या भोकातून पांढरी मुळी डोकावत होती. बारांतल्या पाच जगल्या.

त्या मातीच्या कुंड्यांत लावल्या. लाल माती, तेवढीच वाळू, तळाला विटांचे तुकडे, शेणखत मूठभरच. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. छाटणी हिरव्या भागातच करायची, कारण पानं नसलेल्या जुन्या लाकडाला सहसा फूट येत नाही.

यंदा झड लागण्याआधीच पाचही कुंड्या पत्र्याखाली सरकवल्या. ऑगस्टमध्ये मामा आले, एक कुंडी उचलून वजन पाहिलं आणि म्हणाले, "अजून चार दिवस पाण्याचा हात लावू नकोस." मी झारी परत कोपऱ्यात ठेवली.