चैत्रातला बारावा अध्याय

गुढीपाडव्यापासून आमच्या घरी दिवेलागणीनंतर ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाचे वाचन चालू आहे. अध्यायाची निवड सासूबाईंची आणि त्यांचा हिशेब सरळ होता. आमच्या घरच्या प्रतीत या अध्यायाच्या २४७ ओव्या आहेत, रोज दहा वाचल्या तर पंचवीस दिवस लागतात आणि पाहुणे, लग्नकार्य, कोणाचे आजारपण असे चार-पाच खाडे धरले तरी चैत्र संपायच्या आत अध्याय पूर्ण होतो. सात दिवसांच्या पारायणाबद्दल मला आदर आहे, कारण नऊ हजार ओव्या आठवड्यात वाचायच्या म्हणजे तेवढे दिवस बाकीचे सगळे बाजूला ठेवावे लागते आणि त्या निष्ठेचे मोल वेगळेच आहे. पण नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचे येणे-जाणे सांभाळणाऱ्या घराला रोजच्या दहा ओव्याच झेपतात, आणि मुख्य म्हणजे त्यात मध्येच थांबून विचारायला जागा राहते. घरातल्या वाचनात ही जागा असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

वाचनासाठी चैत्र फार सोयीचा आहे. परीक्षा संपत आलेल्या असतात, दिवस मोठा झालेला असतो आणि उकाड्यामुळे सगळेच खिडकीपाशी येऊन बसतात. खिडकीबाहेरच्या पिंपळाला नुकतीच पालवी फुटली आहे. तांबूस, चकचकीत, हात लावला तर फाटेल इतकी कोवळी पाने आहेत ती. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत ‘ऋतूंमध्ये मी वसंत’ असे सांगतात, ते ऐकायला याहून चांगले दिवस नाहीत.

पोथी सासूबाईंची आहे, मोठ्या टाइपातली आणि सार्थ. ती तांबड्या सुती कापडात बांधलेली असते आणि गाठ सोडण्याचा मान रोज आळीपाळीने एकेकाला मिळतो. वाचणाऱ्याने ओळीवर बोट ठेवायचे आणि ओवी तोडायची नाही, एवढे दोनच नियम आहेत. मुले पहिल्या दिवशी अडखळली, पण ओवीची घडणच त्यांना हात देते. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, त्यामुळे तीन वेळा चढून चौथ्याला टेकायचे, ही लय धाकटीने दोन संध्याकाळींत पकडली. शब्द चुकला की सासूबाई लगेच थांबवतात. शके १२१२ मध्ये सांगितलेल्या या ग्रंथात पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये त्याची प्रत शुद्ध केली, तेव्हा आपण निदान छापलेले तरी नीट वाचावे, असे त्या मुलांना सांगतात. अर्थ मात्र त्या आपणहून सांगत नाहीत. विचारले तरच सांगतात, आणि तेही थोडक्यात. मला हे फार पटते. समजावून सांगण्याची घाई झाली की मुलांचे ऐकणे बंद होते.

भक्ताच्या लक्षणांच्या ओव्या सुरू झाल्या आणि संध्याकाळचे रूपच पालटले. या ओव्यांत चांगल्याला आधार द्यावा आणि वाइटाला झिडकारावे हे न जाणणारी पृथ्वी येते, गाईची तहान भागवावी आणि वाघाला मात्र विष होऊन मारावे हे ज्याला ठाऊकच नाही असे पाणी येते. पुढे दिवा येतो, जो घरच्यांना उजेड आणि परक्यांना अंधार असा भेद करत नाही. त्याच्या मागोमाग झाडाची ओवी आहे. घाव घालणारा आणि लावणी करणारा, दोघांनाही झाड एकच सावली देते. ही ओवी धाकटीच्या वाट्याला आली. तिने ती वाचली, बोट तिथेच ठेवले आणि खिडकीबाहेर पाहिले.

“आजी, कुऱ्हाड मारणाऱ्यालासुद्धा? झाडाला राग नाही येत?”

“येतही असेल,” सासूबाई म्हणाल्या. “ओवीत सावलीचं सांगितलंय, रागाचं नाही.”

मी कितीतरी निरूपणे ऐकली आहेत, पण हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले आहे. भक्ताला राग येतच नाही असे मुलांना सांगितले असते, तर भक्ती आपल्यासाठी नाही, ती कोणा संताची गोष्ट आहे, अशीच त्यांची समजूत झाली असती. राग आला तरी सावली काढून घ्यायची नाही, हे मात्र आठ वर्षांच्या मुलीलाही करून पाहता येते.

समुद्राच्या ओवीने तर आम्हा मोठ्यांनाच गाठले. समुद्राच्या खळाळण्याने जळचरांना भय वाटत नाही आणि जळचरांना समुद्र कंटाळत नाही, असे तिथे म्हटले आहे. सुट्टीत दोन मुले दिवसभर घरात, पंख्याखालच्या जागेवरून त्यांची भांडणे, सासूबाईंचा दुपारचा रेडिओ, यजमानांचे फोनवरचे मोठ्या आवाजातले बोलणे, आणि या सगळ्यांवर माझे ओरडणे. त्या दिवशी ओवी माझ्याकडे होती. वाचून झाल्यावर कोणीच काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी यजमान फोन घेऊन आपणहून गॅलरीत गेले. ते देवपूजा करत नाहीत, उपासही करत नाहीत, तरी वाचनाला रोज येऊन बसतात. थोरला आता चौदा वर्षांचा आहे. त्याने एकदा त्यांना सरळ विचारले, की देव मानत नसताना तुम्ही का बसता? ते म्हणाले, “ऐकायला बरं वाटतं आणि खरं वाटतं.” सासूबाईंनी त्यावर एक शब्दही काढला नाही. श्रद्धेची मोजमापे घरात कोणी कोणाला लावू नयेत, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले आहे. ज्ञानदेव स्वतः पानोपानी श्रोत्यांना विनवतात, त्यांचे अवधान मागतात, आणि अवधान देणारा माणूस या ग्रंथाचा श्रोता नव्हे असे मला तरी म्हणवत नाही.

आता थोड्याच ओव्या उरल्या आहेत. वैशाखापासून पंधरावा अध्याय घ्यावा, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. वर मूळ आणि खाली फांद्या असलेल्या अश्वत्थाचे वर्णन त्यात असल्यामुळे धाकटीला तो आतापासूनच हवा आहे. त्याच्या ओव्या सहाशेच्या घरात आहेत, म्हणजे रोज दहा धरल्या तर वैशाख आणि ज्येष्ठ पुरे लागतील आणि खाडे धरले तर आषाढ उजाडेल. तोवर माउलींची पालखी आळंदीहून निघालेली असेल आणि मुलांची शाळाही सुरू झालेली असेल. तेव्हा वाचन संध्याकाळीच ठेवायचे की पहाटे, यावर अजून एकमत झालेले नाही. थोरल्याचे मत संध्याकाळचे आहे.