दोन कंटूरमधली वाट

अमेरिकेतल्या युटा राज्यात, एस्कलांटे नदीच्या परिसरात गुरं पाळणाऱ्या एका वयस्कर माणसाला दरीतल्या पाण्यावर उतरणारी जुनी वाट शोधायची होती. लहानपणी वडिलांबरोबर तो त्या वाटेनं गुरं घेऊन उतरलेला. आजच्या 1:24,000 प्रमाणाच्या तपशीलवार नकाशावर मात्र तिथं सलग कडा आहे.

जुने टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे, जिओरेफरन्स करणं, म्हणजे आजच्या नकाशावर नेमके बसवणं, हेच माझं काम. मी थेट 1880च्या दशकातला 1:250,000चा नकाशा उघडला. त्याच्या मुळाशी या भागाचा शोध घेणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलच्या सर्वेक्षणाची मेहनत आहे. 1871-72च्या हिवाळ्यात त्यांनी युटातल्या कनॅब गावाजवळ आधाररेषा, म्हणजे सगळ्या मोजणीचा पाया असलेली सरळ रेषा, मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणांचं जाळं पसरवत नेलं. एस्कलांटे ही स्वतंत्र नदी आहे हे पॉवेलच्या सर्वेक्षणातल्या थॉम्पसनच्या तुकडीला कळलं ते 1872 साली!

या नकाशात दोन कंटूरमध्ये, म्हणजे समान उंची दाखवणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचं 250 फुटांचं अंतर. म्हणजे दोनशे फुटांचा कडाही मधल्या मध्ये गडप होऊ शकतो. उंच माथे आजच्या नकाशावर छान बसले, कारण ते कोन मोजून ठरवलेले. पण मधल्या घळी नजरेच्या अंदाजानं काढलेल्या, त्या पार सरकलेल्या. मग माथे सोडून मी घळींची वळणं आणि फाटे एकेक करून जुळवत गेले. तेव्हा जुन्या नकाशावरची, वाट दाखवणारी तुटक रेघ एका अरुंद बाजूच्या घळीत जाऊन पडली.

आम्ही तिथं गेलो. वाळूच्या खडकात छिन्नीनं पाडलेल्या पायऱ्या होत्या, खुरांनी झिजून मधे खोलगट झालेल्या. कडेला ज्युनिपरचे ओंडके अडकवून मागे दगड भरलेले. म्हातारबाबांनी टोपी काढली आणि पायरीवर हात फिरवला. मलाही भरून आलं.

नंतरचे नकाशे हवाई छायाचित्रांवरून झाले, त्यांचे कंटूर कितीतरी अचूक. पण खोल घळीत सावली असते, आणि वापर थांबलेली वाट आकाशातून दिसत नाही. जुना सर्वेक्षक खेचरावर बसून फिरत होता. जुने नकाशे फक्त भिंतीवर लावण्यापुरते, असं कुणी म्हटलं की मी वाद घालते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं 1884 ते 2006 मधले पावणेदोन लाखांहून जास्त टोपो नकाशे फुकट उपलब्ध केलेत, ते उगाच नाही.

वाटेचे बिंदू जीपीएसनं घेतले, नोंदीत मूळ नकाशाही लिहिला. वरच्या वळणावरचे ओंडके कुजलेत. ते बदलल्याशिवाय गुरं उतरवायची नाहीत, असं म्हातारबाबांनी तिथंच ठरवलं.