छतात शिरलेल्या खारी बाहेर काढताना: माझा अनुभव

खोलीत चुकून आलेली खार आणि छतात बिऱ्हाड थाटलेली खार, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिलं बहुतेक वेळा अर्ध्या तासात मिटतं. दुसऱ्याला आठवडा लागतो, आणि आत पिल्लं असली तर दोन महिनेसुद्धा.

खोलीतल्या खारीसाठी मी आधी पंखा बंद करतो, मग कुत्र्या-मांजराला दुसरीकडे कोंडतो. घराच्या आत जाणारी सगळी दारं लावायची आणि दाराखालच्या फटीत टॉवेल सारायचा. बाहेर उघडणारी एकच खिडकी सताड उघडी ठेवायची, बाकीच्यांचे पडदे ओढायचे. घाबरलेली खार उजेडाकडे धावते. चार खिडक्यांतून उजेड आला तर ती चारही काचांवर आपटत राहते. खिडकी उंच असेल तर एक जुनी चादर चौकटीवरून जमिनीपर्यंत सोडावी, म्हणजे तिला चढायला धर मिळतो. आणि मग आपण खोलीबाहेर पडायचं. झाडू घेऊन मागे लागलं की ती कपाटामागे शिरते आणि काम लांबतं. खिडकीच्या कट्ट्यावर पीठ भुरभुरून ठेवलं तर बाहेर जाणारी पावलं उमटतात आणि खार गेली की नाही याचा वाद उरत नाही.

छतातलं काम मात्र धीराचं. आधी आत कोण आहे ते ठरवायचं. खार दिवसाची. उजाडल्यावर आणि दुपार कलताना धावपळ, कुरतडणं, चिकचिक ऐकू येते आणि अंधार पडला की सगळं शांत. आवाज मध्यरात्री येत असेल तर बहुधा उंदीर-घुशी आहेत. उडत्या खारी मात्र निशाचर असतात. त्या जिथे आढळतात तिथे हा निकष चालत नाही. लेंड्यांवरून ठरवायला मी जात नाही, कारण लहान खारीच्या आणि उंदराच्या लेंड्या नवख्याला सारख्याच दिसतात. घरट्यातला माल जास्त बोलका असतो: काथ्या, कापूस, चिंध्या, सुतळी, वाळकं गवत, सगळं गोल गुंडाळलेलं.

भोकं शोधायला भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा मालवतो. जिथून उजेडाची तिरीप येते ती प्रत्येक जागा खडूने खूण करून ठेवायची. मग बाहेरून त्याच जागा पाहायच्या: वळचण, कौलांची शेवटची ओळ, नालीदार पत्र्याच्या पन्हळीखालची पोकळी, एसीचा पाइप जिथून भिंतीत शिरतो ते भोक, एक्झॉस्ट पंख्याची चौकट. लहान जातीच्या खारीला अडीच सेंटिमीटरची फटही पुरते, मोठ्या जातीला साधारण चार. वापरातलं भोक ओळखू येतं. त्याच्या कडा अंगाच्या तेलाने काळपट गुळगुळीत झालेल्या असतात आणि लाकडावर कुरतडल्याचा ताजा फिकट रंग दिसतो. खात्रीसाठी प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवायचा आणि दोन-तीन दिवस पाहायचं. ढकललेला बोळा म्हणजे चालू वाट. सतत पाऊस किंवा कडाक्याची थंडी असेल तेव्हा ही चाचणी नको. खार आतच बसून राहते आणि बोळा तसाच दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी घाईत हमखास राहून जाते: पिल्लं आहेत का? आई बाहेर अडकली तर पिल्लं उपाशी मरतात, भिंतीत कुजतात, आणि आई आत शिरायला चौकटच्या चौकट फोडते. एकाच जागेवरून येणारी बारीक चूंचूं, एकच खार दिवसातून अनेकदा ये-जा करणारी, स्तन ठळक दिसणारी मादी, ही लक्षणं. जन्मतः पिल्लं उघडी आणि आंधळी असतात. डोळे उघडायला जातीनुसार तीन ते पाच आठवडे जातात आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडून हिंडायला साधारण आठ ते दहा. शक्य असेल तर मी थांबतो. थांबणं शक्य नसेल तर दिवसा घरट्याजवळ दिवा लावून ठेवायचा आणि रेडिओवर बोलण्याचा कार्यक्रम सुरू करायचा. आईचं बहुतेक वेळा दुसरं एखादं घरटं तयार असतं. त्रास वाढला की ती एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. ती ये-जा करत असताना भोकाजवळ उभं राहायचं नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हे खरं नाही, पण उघड्या हाताने उचलू नये, आणि गाईचं दूध तर मुळीच पाजू नये.

पिल्लं नाहीत याची खात्री झाली की मुख्य वाट सोडून बाकीची सगळी भोकं बंद करतो आणि मुख्य वाटेवर एकतर्फी झडप बसवतो. वेल्डेड जाळीची 10 सेंटिमीटर व्यासाची, 30 सेंटिमीटर लांबीची नळी वळायची. प्लास्टिकच्या पाइपापेक्षा ही बरी: कुरतडता येत नाही आणि पलीकडचा उजेड दिसत असल्याने खार बिनधास्त शिरते. तारांची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला वळवून कानसायची. नळीच्या बाहेरच्या तोंडावर पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा वरच्या कडेला तारेच्या दोन सैल कड्यांनी टांगायचा. पत्रा तोंडापेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठा हवा. तोंडाएवढाच असेल तर बाहेरून नखं फटीत जातात आणि झडप उचलली जाते. आतून एका बोटाने हलका धक्का दिला की उघडली पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप पडली पाहिजे. अडखळत असेल तर कड्या मोठ्या करा. पहिले एक-दोन दिवस झडप दोऱ्याने वर बांधून ठेवतो, म्हणजे खार नळीला सरावते. मग दोरा सोडायचा. आत सलग तीन ते पाच दिवस चांगल्या हवेत काहीही आवाज नाही आणि आतल्या बाजूला ठेवलेला नवा बोळा हललेला नाही, असं झालं की नळी काढून भोक पक्कं करायचं.

पक्कं करायचं म्हणजे जाळीने. अर्ध्या इंचाची, म्हणजे 12 मिलिमीटर चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी, तार किमान एक मिलिमीटर जाड. खुराड्याची षटकोनी जाळी खार तार उलगडून फाडते, मच्छरदाणीची जाळी तर तिच्या खिजगणतीतही नाही. तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी पाच-सात सेंटिमीटर मोठा कापायचा आणि दर दहा सेंटिमीटरला मोठं वॉशर लावून स्क्रू मारायचा. नुसत्या स्क्रूचं डोकं जाळीच्या चौकटीतून निसटतं. खिळे आणि स्टेपल ती कडेला दात घालून उचकटते. भिंतीतल्या भोकात आधी जाळीचा बोळा ठासून त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा द्यावा. एकटा स्प्रे फोम म्हणजे तिला दिलेला खाऊ. गॅस गीझरच्या धुराड्यावर मात्र स्वतःच्या मनाने जाळी ठोकू नका. काजळीने ती चोंदली तर विषारी वायू घरात साचतो. तिथे त्या उपकरणासाठीच बनवलेली टोपी लागते.

डांबरगोळ्या, तिखटाची पूड, अल्ट्रासॉनिक यंत्रं यांवर मी वेळ घालवत नाही. डांबरगोळ्यांचा वास खारीआधी घरातल्या लेकरांना बाधतो. चिकट सापळा आणि विष तर नकोच: मेलेली खार भिंतीत सडते, आणि ती खाणारं मांजर किंवा घुबडही मरतं. पकडून लांब सोडण्यावर अनेक ठिकाणी कायद्याची बंधनं आहेत, आणि भोक उघडं असेल तर दुसरी खार येतेच.

माळ्यावर हात घालण्याआधी मेन स्विच बंद. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे वायरीचं आवरण कुरतडलेलं नाही असं घर विरळा. तांबं उघडं पडलेल्या वायरीवर टेप गुंडाळून भागवू नये. एका जंक्शन बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंतचा तुकडाच इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा आणि नवी वायर लवचीक लोखंडी पाइपातून न्यावी. आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, कारण नसताना पडत असेल तर आधी इथेच पाहा.

साफसफाईला एन-95 मास्क आणि रबरी हातमोजे. सुक्या लेंड्या झाडायच्या नाहीत, धूळ उडते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग कागदाने उचलून दुहेरी पिशवीत. या पाण्यात अॅसिड किंवा दुसरं क्लीनर मिसळू नये. मुतानं भिजलेला कापूस-थर्माकोल सरळ फेकायचा. खार चावलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन डॉक्टरांकडे जायचं. खारींमधून माणसाला रेबीज होणं फारच दुर्मीळ, पण धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

छपरावर झुकणाऱ्या फांद्या दोन-अडीच मीटर मागे छाटल्या की अर्धी रहदारी कमी होते. छाटण्याआधी फांदीवर घरटं नाही ना, ते बघून घ्या. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी जाळीच्या कडा रोज सकाळी पाहतो. जुन्या वाटेची सवय असलेली खार तिथेच, हातभर इकडेतिकडे, नवीन लाकूड कुरतडायला लागते. ताजा भुसा दिसला त्याच दिवशी तिथे पत्र्याची पट्टी ठोकावी.